उपयोजित अर्थशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यास: या चुका टाळा

उपयोजित अर्थशास्त्राला येणाऱ्या बहुतेकांना धास्ती असते ती गणिताची. ती अगदीच खोटी नाही. कॅल्क्युलस, मॅट्रिक्स आणि संभाव्यता पहिल्या सत्राआधी घोटून घेतलेल्या बऱ्या. पण प्रबंधाच्या वेळी रडवतो तो डेटा.

सगळ्यात जास्त घोळ होतो दोन फायली जोडताना. कुटुंब क्रमांकावरून फायली जोडल्या आणि 5,000 ओळींच्या 5,340 झाल्या, तर बहुधा काही क्रमांक कुठेतरी दोनदा पडलेत. सॉफ्टवेअर कुरकुर करत नाही, एका गोष्टीचा दुसरीशी असलेला संबंध मोजणारं रिग्रेशनही निमूट चालतं. म्हणून प्रत्येक जोडणीच्या आधी आणि नंतर ओळी मोजा. उलटही घडतं: उत्पन्नाचा लॉग (लॉगरिदम) घेतला की, शून्याचा लॉग निघत नसल्याने, शून्य उत्पन्नवाले गुपचूप गळतात, आणि बेरोजगारीवरच्या प्रबंधातून बेरोजगारच गायब! स्टाटा या सांख्यिकी सॉफ्टवेअरची आणखी एक खोड म्हणजे तिथे रिकामी नोंद कुठल्याही आकड्यापेक्षा मोठी धरली जाते. 'उत्पन्न 10,000 पेक्षा जास्त' अशी अट घातली, तर ज्यांनी उत्पन्न सांगितलंच नाही तेही श्रीमंतांच्या पंगतीला जाऊन बसतात.

हे फक्त नवशिक्यांचं होतं असं नाही. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी 2010 मध्ये दाखवलं होतं की, सार्वजनिक कर्ज जीडीपीच्या 90 टक्क्यांवर गेलेल्या देशांची सरासरी आर्थिक वाढ उणे 0.1 टक्के असते. थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने वर्गातल्या गृहपाठासाठी तेच आकडे काढायला घेतले आणि ते जुळेनात. मूळ एक्सेल फाइल मिळाल्यावर कळलं की, सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी आल्याच नव्हत्या. 2013 च्या फेरतपासणीत सरासरी 2.2 टक्के निघाली. अर्थात, या फरकात एक्सेलचा वाटा थोडाच होता. वगळलेली वर्षं आणि भार देण्याची पद्धत यांचा जास्त. माझं मत विचाराल तर हाताने एकही आकडा बदलू नका. सगळं कोडमध्ये लिहा, म्हणजे निदान चूक सापडेल तरी.

दुसरी चूक म्हणजे दिसेल ते चल (वय, शिक्षण, पगार असे मोजलेले घटक) मॉडेलमध्ये कोंबणं. शिक्षणाचा पगारावर किती परिणाम होतो हे शोधताय आणि 'व्यवसाय' नियंत्रणात टाकलात, म्हणजे एकाच व्यवसायातल्यांची तुलना केलीत, तर शिक्षणाचा परिणाम ज्या वाटेने येतो तीच वाट तुम्ही बंद केलीत. एखाद्या योजनेचा परिणाम तपासताय आणि ती गावपातळीवर लागू झाली असेल, तर प्रमाण त्रुटीही (अंदाज किती डळमळीत आहे याचं माप) गावानुसार क्लस्टर करा, म्हणजे एका गावातल्या नोंदी एकमेकींसारख्या असू शकतात हे धरून काढा. नाहीतर टेबलात तारेच तारे (निकाल निव्वळ योगायोग नसावा याची खूण) चमकतात आणि तोंडी परीक्षेत एका प्रश्नात विझतात.

निकाल वाचतानाही जपा. लॉग पगाराच्या मॉडेलमध्ये हो-नाही चलाचा गुणांक (मॉडेलने काढलेला परिणामाचा आकडा) 0.5 आला, तर वाढ 50 नव्हे, जवळपास 65 टक्के असते. आणि बेरोजगारी 4 वरून 5 टक्क्यांवर गेली, तर ती 1 टक्का नव्हे, 1 टक्केबिंदू वाढली.

गुणांकाचं चिन्हच उलटं आलं? लगेच नवं तंत्र शोधायला धावू नका. आधी प्रत्येक चलाचं किमान आणि कमाल मूल्य बघा. 99 वर्षं शाळेत गेलेला कोणी सापडला, तर प्रश्नावली उघडा. बहुधा तो 'माहीत नाही'चा कोड असतो.