लोकांच्या वागण्यावर कॉलेजचा प्रोजेक्ट कसा करायचा

प्रोजेक्ट मिळाला की मुलं लगेच गूगल फॉर्म बनवायला बसतात, आणि घोळ तिथेच सुरू होतो. आधी प्रश्न एका वाक्यात लिहून काढा. समजा, गोव्यातल्या म्हापशाच्या बाजारात भाजीवालीकडे 'पिशवी आणलीय ना?' असा फलक लावला तर प्लास्टिकची पिशवी मागणारे कमी होतात का?

आता पद्धत ठरवा, सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. किती जण मागतात एवढंच हवं असेल तर नुसतं बसून मोजलं तरी चालतं. वयस्कर लोक कमी मागतात असं दिसलं तर तो फक्त संबंध झाला, कारण वय आहे असं नाही म्हणता येत, कदाचित ते रोजचे गिऱ्हाईक असतील आणि तरुण बाहेरून फिरायला आलेले. फलकानेच फरक पडला म्हणायचं असेल तर प्रयोगच हवा.

फलक शुक्रवारी लावला आणि मंगळवारशी तुलना केली तर सगळं फुकट, कारण शुक्रवारच्या बाजाराला गावागावातून वेगळीच गर्दी येते. म्हणून शुक्रवारची तुलना शुक्रवारशीच करा: लागोपाठचे दोन घ्या, कुठल्या दिवशी फलक लावायचा ते नाणं उडवून ठरवा, आणि अशा बऱ्याच जोड्या करा. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीचे आठवडे सोडा, तेव्हा माटोळीच्या (गणपतीच्या वर टांगायच्या फळं-भाज्यांच्या) खरेदीने बाजारच वेगळा असतो. वेळ तीच ठेवा, आणि भाजीवालीने दोन्ही दिवशी सारखंच बोलायला हवं, हे तिला आधीच नीट समजावून सांगा. इंटर्नल व्हॅलिडिटी ती हीच, म्हणजे फरक खरंच फलकानेच पडला का.

लोकांना विचारू नका, मोजा. विचारलं की सगळे चांगलंच उत्तर देतात. दोघांनी वेगवेगळं मोजायचं, आकडे जुळले नाहीत तर 'मागणं' म्हणजे काय हेच पक्कं ठरलेलं नाही असं समजा (न मागता दिलेली पिशवी धरायची का?). वही घेऊन अगदी समोर उभे राहू नका, कोणी बघतंय कळलं की वागणं बदलतं. भाजीवालीची परवानगी मात्र घ्याच, आणि गिऱ्हाइकांची नावं, फोटो काही नको.

एक्सटर्नल व्हॅलिडिटी म्हणजे हा निकाल दुसरीकडे लागू पडतो का. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी 1957 मध्ये हे दोन प्रश्न वेगळे मांडले, आणि ते वेगळेच ठेवायला हवेत, कारण प्रयोग कितीही चोख असला तरी एका भाजीवालीवरून अख्ख्या गोव्याबद्दल बोलता येत नाही. रिपोर्टमध्ये 'म्हापशातल्या एका ठिकाणी' असंच लिहा, वेळ असेल तर फोंड्याला किंवा मडगावला तोच प्रयोग परत करा, आणि तिथे उलटं आलं तर तेही तसंच छापा.