हिवाळा सरताना, बदलत्या हवेत परिसरातील पक्षी कसे पाहावेत

फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतचा काळ महाराष्ट्राच्या पठारी भागात हवामानाच्या दृष्टीने मोठा बेभरवशाचा असतो. पहाटे स्वेटर घालावा लागतो, दुपारी ऊन चटके देते, आणि पहाट-दुपारच्या तापमानात कधी कधी वीस-वीस अंशांचा फरक पडतो. मध्येच आभाळ भरून येते. विदर्भात आणि मराठवाड्यात तर या दिवसांत गारपीटही होते. अनेक हौशी निरीक्षक अशा वेळी घरी थांबतात आणि हवा निवळण्याची वाट पाहतात. माझे मत याच्या नेमके उलट आहे. पक्ष्यांचे खाणे, बसणे, गाणे आणि उडणे हे सारे हवेप्रमाणे बदलते, त्यामुळे हवा ओळखून बाहेर पडणाऱ्याला या महिन्यात जे पाहायला मिळते ते डिसेंबरच्या स्थिर, निरभ्र हवेत मिळत नाही.

याच काळात दोन ऋतूंचे पक्षी एकमेकांत मिसळलेले असतात. हिवाळी पाहुणे अजून गेलेले नसतात, पण त्यांतील काहींची पिसे बदलू लागलेली असतात. स्थानिक पक्ष्यांना मात्र विणीची चाहूल लागलेली असते. ही चाहूल थंडी-उन्हापेक्षा दिवसाच्या लांबीवरून लागते. २२ डिसेंबरच्या सुमारास दिवस सर्वांत लहान असतो आणि फेब्रुवारी संपेपर्यंत तो आपल्याकडे पाऊण तासाच्या आसपास वाढलेला असतो. म्हणूनच पहाट कडाक्याच्या थंडीची असली तरी दयाळ शेंड्यावर बसून गाऊ लागतो.

पहिले काम : जागा एकच ठेवावी

घरापासून जवळ, साधारण एक किलोमीटरचा फेरा निवडावा. त्यात पाण्याचा काठ, चार जुनी झाडे आणि थोडे मोकळे माळरान किंवा शेत असावे. हा फेरा रोज शक्य नसेल तर आठवड्यातून दोनदा, त्याच वाटेने आणि शक्यतो त्याच वेळी करावा. जागा दर वेळी बदलली तर आज दिसलेला फरक हवेमुळे पडला की जागेमुळे, हे सांगता येत नाही. उजनी धरणाच्या फुगवट्यावर भिगवणला किंवा २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ठरलेल्या नांदूर मधमेश्वरला जरूर जावे, पण या अभ्यासाचा पाया आपल्या घराजवळचा तो एक किलोमीटरच असतो.

फेऱ्याच्या वाटेवर पळस, पांगारा किंवा काटेसावर फुललेली असेल तर तिथे घाई करू नये. पानगळ झालेल्या, फुलांनी भरलेल्या अशा एका झाडाखाली, थोडे अंतर राखून अर्धा तास उभे राहिल्यास भोरड्या, साळुंक्या, बुलबुल, शिंजीर, कोतवाल आणि हळद्या असे अनेक पक्षी एकाच जागी पाहता येतात, आणि मध्ये पाने नसल्यामुळे ते पूर्ण दिसतात. भोरड्यांचे थवे एप्रिलपर्यंत मध्य आशियाच्या दिशेने निघून जातात, त्यामुळे हे दिवस त्यांना पाहण्याचे शेवटचे दिवस असतात. फुलात डोके खुपसणाऱ्या पक्ष्यांच्या कपाळाला परागकण चिकटतात. ती पिवळी किंवा मातकट खूण पिसांची समजून नवीन जात शोधल्याचा आनंद करून घेऊ नये. शेजारच्या फांदीवरचा दुसरा पक्षी पाहून खात्री करावी.

निघण्याआधी

आदल्या संध्याकाळी भारतीय हवामान खात्याच्या अंदाजातून तीन गोष्टी टिपून ठेवाव्यात : किमान तापमान, वाऱ्याची दिशा व वेग, आणि आकाशाची स्थिती. फेरा कोणत्या टोकाकडून सुरू करायचा आणि कुठे जास्त वेळ थांबायचे हे त्यावरून ठरते.

दुर्बीण नव्याने घ्यायची असेल तर या हवेसाठी ८×४२ची घ्यावी, असा माझा आग्रह राहील. यातील ८ म्हणजे पक्षी किती पट मोठा दिसतो तो आकडा आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास. ४२ला ८ने भागल्यास सव्वापाच येतात, आणि डोळ्यापाशी पोहोचणारी प्रकाशाची चकती तेवढ्या मिलिमीटरची असते. १०×४२मध्ये हीच चकती ४.२ मिलिमीटरची होते. धुक्यात, ढगाळ हवेत आणि पहाटेच्या अंधुक प्रकाशात हा फरक डोळ्यांना जाणवतो. शिवाय वाऱ्यात हात हलला की दहापट मोठी प्रतिमा आठपट प्रतिमेपेक्षा अधिक थरथरते. वातानुकूलित गाडीतून दमट हवेत उतरताना दुर्बीण काही मिनिटे पिशवीतच राहू द्यावी, नाहीतर भिंगांवर बाष्प धरते. भिंग पुसण्यापूर्वी धूळ फुंकून काढावी, कारण धुळीसकट पुसले की भिंगावर चरे पडतात. नोंदवहीसोबत पेन्सिल ठेवावी. दवाने ओल्या झालेल्या कागदावर शाई फुटते. कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे आणि एकावर एक घातलेले असावेत, म्हणजे ऊन चढेल तसे ते उतरवता येतात.

थंड, निरभ्र पहाट

सूर्योदयापूर्वी अर्धा तास आधी जागेवर पोहोचावे. या वेळी वारा पडलेला असतो, आवाज दूरवरून स्पष्ट येतात, आणि म्हणून पहिली पंधरा-वीस मिनिटे दुर्बिणीला हात न लावता नुसते ऐकावे. कोण कोणत्या दिशेला गात आहे याचा एक ढोबळ नकाशा मनात तयार होतो आणि उजेड पडल्यावर तो कामाला येतो.

ऊन पडू लागले की सूर्य पाठीशी ठेवून झाडांची पूर्वेकडची बाजू पाहावी. रात्रभराच्या गारव्यात लहान पक्ष्यांचा चरबीचा साठा बराच खर्ची पडलेला असतो आणि त्यांच्या शरीराचे तापमान मात्र ४० अंशांच्या आसपास टिकवावेच लागते. त्यामुळे उजाडताच ते शेंड्यावर, वाळलेल्या फांदीवर, तारेवर येऊन ऊन घेतात. तांबट निष्पर्ण फांदीच्या टोकाशी बसून राहतो. वेडे राघू तारेवर एकमेकांना खेटून रांगेत बसतात. हवा तापून किडे उडू लागल्याशिवाय त्यांना भक्ष्य मिळणार नसते. अंगावरची पिसे फुगवलेली असतात, कारण त्यांच्यामध्ये धरून ठेवलेली हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही. हा पहिला तास त्यांच्यासाठी मोलाचा असतो. छायाचित्रासाठी जवळ जाऊन त्यांना उडवणे म्हणजे उरलीसुरली शक्ती वाया घालवायला लावणे होय, म्हणून पक्षी अस्वस्थ होऊन मान उंचावतो तिथेच आपण थांबावे.

तासाभरात चित्र पालटते. रांगेतला एखादा राघू झेपावतो, गिरकी घेऊन पुन्हा त्याच जागी येतो आणि चोचीत आडवी धरलेली मधमाशी फांदीवर डावी-उजवीकडे आपटू लागतो. दुर्बिणीतून नीट पाहिल्यास आपटून झाल्यावर तो तिचे टोक फांदीवर घासतानाही दिसतो. नांगीतले विष अशा रीतीने निघून गेले की मगच तो तिला गिळतो. ही सर्व क्रिया काही सेकंदांत आटोपते, त्यामुळे एकाच राघूवर दुर्बीण धरून बसावे. जमीन तापून गरम हवेचे झोत वर चढू लागले की, साधारण नऊ-दहाच्या पुढे, नजर आकाशाकडे वळवावी. घारी, शिकरे, गरुड याच झोतांवर पंख न हलवता वर चढतात.

वाऱ्याचा दिवस

वाऱ्याच्या दिवशी बहुतेक जण निराश होतात, कारण आवाज ऐकू येत नाहीत आणि पाने सतत हलत असल्यामुळे वटवट्यांसारखे लहान पक्षी सापडत नाहीत. अशा दिवशी झाडांचे शेंडे सोडून द्यावेत आणि आडोशाच्या जागा पाहाव्यात : बांधाची मागची बाजू, ओढ्याचे खोलगट पात्र, झुडपांची वाऱ्यापासून सुरक्षित असलेली कड. किडेही तिथेच थांबलेले असतात आणि पक्षी त्यांच्यामागे येतात.

वाऱ्यात पक्षी वाऱ्याकडे तोंड करून बसतात, कारण उलट बसल्यास वारा पिसांत शिरून ती विस्कटतो. उडताना आणि उतरतानाही ते वाऱ्याला सामोरे जातात. म्हणून वारा आपल्या पाठीवर घेऊन उभे राहिल्यास काठावरच्या टिटव्या, धोबी, चिखले आपल्याकडे तोंड करून दिसतात आणि उडाले तरी सुरुवातीला आपल्याच दिशेने येतात. वारा आणि सूर्य दोन्ही पाठीशी येतील अशी जागा मिळाली तर ती सोडू नये. माळावर याच हवेत कापशी घार एका जागी तरंगत भक्ष्य हेरताना दिसते. तिचे डोके किती स्थिर राहते आणि पंख किती वेगाने चालतात हे पाहण्यासारखे असते.

धुके, ढग आणि अवकाळी पाऊस

धुक्यात दूरचे पक्षी मोजू नयेत, रंगांवर विश्वास ठेवू नये. पाण्याकाठी स्वस्थ बसावे आणि धुके विरळ होईपर्यंत आवाजांची नोंद करावी.

ढगाळ, कोंदट हवेत किडे खालच्या थरात राहतात, तेव्हा एरवी उंचावर असणाऱ्या माळभिंगऱ्या आणि पाकोळ्या पाण्यालगत येतात. त्यांची पाठ वरून पाहण्याची संधी अशाच दिवशी मिळते. विजा चमकू लागल्या तर मात्र झाडाखालून आणि पाण्याजवळून ताबडतोब दूर व्हावे आणि पक्क्या छपराखाली जावे. पाऊस थांबल्यावरचा पहिला अर्धा तास चुकवू नये, कारण तेव्हा पक्षी पंख झटकत, पिसे विंचरत उघड्यावर बसतात आणि भुकेमुळे लगेच खाण्याला लागतात.

गारपिटीनंतर जखमी पक्षी सापडल्यास त्याला हवेशीर भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात आणि शांततेत ठेवावे. चोचीत पाणी ओतू नये, खायला घालू नये. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार वन्य पक्षी घरी पाळता येत नाही, त्यामुळे प्रेमापोटीही त्याला ठेवून घेऊ नये.

ओळख पटवताना

पिसे फुगवलेला पक्षी गोलमटोल आणि आखूड मानेचा दिसतो. भिजलेला पक्षी बारीक आणि गडद दिसतो, बुलबुलाची शेंडी चपटी होते. आकारावरून ओळखण्याची सवय असलेल्यांनी म्हणून चोचीची लांबी, शेपटीची हालचाल आणि उडण्याची ढब यांकडे अधिक लक्ष द्यावे. जांभळ्या शिंजिराचा नर याचे उत्तम उदाहरण आहे. विणीबाहेरच्या काळात तो मादीसारखा पिवळट असतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी पट्टी असते. हिवाळा सरताना त्या पिवळ्यातून गडद ठिपके फुटत जातात आणि शेवटी तो पूर्ण चमकदार जांभळा-निळा होतो. ही चमक रंगद्रव्यापेक्षा पिसांच्या सूक्ष्म रचनेमुळे येते, त्यामुळे ढगाळ प्रकाशात तोच पक्षी साफ काळा दिसतो. त्याच्या बदलाचा टप्पा दर आठवड्याला लिहून ठेवावा. पिवळ्या धोब्याचेही तसेच आहे. निघण्यापूर्वी त्याचा पिवळा रंग उजळतो.

याच दिवसांत पोपट आणि पिंगळे ढोलीच्या तोंडाशी दिसू लागतात. ढोलीसमोर रेंगाळू नये, आणि मोबाइलवर आवाज लावून पक्ष्याला बोलावणे तर कटाक्षाने टाळावे; आपल्या हद्दीत प्रतिस्पर्धी आला असे समजून तो खाणे आणि घरटे सोडून धावत येतो.

नोंद कशी ठेवावी

तारीख, सुरुवातीची व शेवटची वेळ, दोन्ही वेळांचे तापमान, वारा, ढग, आणि मग पक्षी, असा क्रम ठेवावा. वाऱ्याचा वेग मोजता येत नसेल तर फक्त पाने हलत होती, लहान फांद्या हलत होत्या की मोठ्या, एवढे लिहिले तरी पुरते. पक्ष्याच्या नावापुढे संख्या आणि तो काय करत होता हे दोन-तीन शब्दांत लिहावे. फेब्रुवारीत चार दिवस होणाऱ्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ या पक्षीगणनेत, जी १९९८ मध्ये सुरू झाली, ही यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर देता येते; किमान पंधरा मिनिटांचे निरीक्षण त्यासाठी पुरेसे असते.

शेवटची सूचना बहुतेक नोंदवह्यांत पाळलेली दिसत नाही. हिवाळी पक्षी आला की तो दिवस लगेच लक्षात येतो, पण तो गेला हे त्या दिवशी कळत नाही. काही दिवस तो दिसला नाही की मग शंका येते. म्हणून थिरथिऱ्या, पिवळा धोबी, भोरडी अशा पाहुण्यांची वेगळी यादी करून प्रत्येक फेरीत त्यांच्यापुढे संख्या लिहावी आणि न दिसल्यास स्पष्ट शून्य लिहावे. ज्या दिवशी वारा किंवा पाऊस जोराचा होता त्या दिवशीच्या शून्यापुढे तसा शेरा मारावा, कारण तो पक्षी गेलेला नसून आडोशाला असण्याची शक्यता असते. शांत हवेच्या सलग चार फेऱ्यांत शून्य आले, तर त्याआधीची शेवटची तारीख त्याच्या प्रस्थानाची म्हणून नोंदवावी.