वाफेचा रासायनिक अग्निबंब: चालवण्याची रीत

या बंबावर वाफेचा पंप आणि रासायनिक टाकी अशी दोन साधने असतात, आणि दोन्ही आगीवर पाणीच मारतात. मात्र त्यांच्या वेळा वेगळ्या असतात, आणि त्या कळल्या की हा बंब कसा चालवायचा हेही बरेचसे उमगते. थंड बॉयलरमधून कामापुरती वाफ मिळायला वेळ लागतो आणि आग तेवढा वेळ थांबत नाही. रासायनिक टाकीला भट्टी लागत नाही: सोड्याच्या पाण्यात आम्ल पडले की काही क्षणांत दाब तयार होतो आणि धार सुटते, पण टाकीतले पाणी संपले की ती धारही संपते. उलट, वाफेचा पंप एकदा चालू लागला की कोळसा आणि पाणी मिळत राहील तोवर तासन्‌तास चालतो. टाकीच्या जोरावर पहिली काही मिनिटे सांभाळायची आणि तेवढ्यात वाफ तयार करायची, हे या बंबावरच्या माणसांचे खरे कौशल्य असे. आज असे बंब संग्रहालयांत आणि प्रात्यक्षिकांत चालवले जातात. तेथे घाई नसते, पण कामाचा क्रम तोच राहतो.

लंडनमध्ये जॉन ब्रेथवेट आणि जॉन एरिक्सन यांनी १८२९ साली पहिला वाफेचा अग्निबंब तयार केला. पुढच्याच वर्षीच्या हिवाळ्यात एका मोठ्या आगीत हातपंप गोठून बंद पडले, तेव्हा हा बंब मात्र तासन्‌तास चालत राहिला. अमेरिकेत सिनसिनाटी शहराने १८५३ साली वाफेच्या बंबावर आधारलेले पगारी अग्निशमन दल उभे केले. रासायनिक टाकीचा मार्ग वेगळा होता. फ्रान्समध्ये फ्रांस्वा कार्लिये यांनी १८६६ साली सोडा आणि आम्ल यांवर चालणाऱ्या अग्निशामकाचे पेटंट घेतले, आणि त्याच तत्त्वावरच्या मोठ्या टाक्या लवकरच घोड्यांच्या गाड्यांवर बसू लागल्या.

विस्तव लावण्यापूर्वी

जुना बॉयलर सक्षम निरीक्षकाकडून तपासून घेतल्याशिवाय आणि त्याचे लेखी प्रमाणपत्र हाती असल्याशिवाय पेटवू नये. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या बॉयलरच्या आतल्या नळ्या झिजून कागदासारख्या झालेल्या असू शकतात, आणि हे पाण्याच्या दाबाने केलेल्या चाचणीशिवाय कळत नाही. प्रमाणपत्रावर लिहिलेला दाब हीच मर्यादा मानावी. हे बंब जेव्हा कामावर होते तेव्हा बहुधा ७ किलो प्रति चौरस सेंटीमीटरच्या आसपास चालत. शतकभराने त्याच बॉयलरला त्याहून कमी दाबाची परवानगी मिळाली, तर त्यात वावगे काही नाही.

बॉयलर उभा आणि आकाराने लहान असतो, कारण तो गाड्यावर ओढून न्यायचा असे आणि त्यात पाणी थोडे असले तर वाफ लवकर धरत असे. हाच गुण चालवणाऱ्यासाठी धोक्याचा ठरतो. रेल्वे इंजिनाच्या मानाने येथे पाण्याची पातळी फार झपाट्याने उतरते, म्हणून काचनळीवरची, म्हणजे बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीवरची, नजर दुसरीकडे वळवण्याची मुभा फायरमनला, म्हणजे भट्टी सांभाळणाऱ्याला, नाही. पाणी काचनळीच्या निम्म्यापर्यंत भरावे. मग काचनळीचे वरचे आणि खालचे तोटे उघडून, तिच्यातले पाणी सोडून देऊन, ते पुन्हा झटकन त्याच पातळीला येते का ते पाहावे. पाणी रेंगाळत चढले तर वाट तुंबलेली आहे असे समजावे. अशा काचनळीवर विसंबून भट्टी पेटवू नये. सुरक्षा झडप हाताने उचलून मोकळी आहे याची खात्री करावी. वंगणाच्या सर्व कुप्या भराव्यात.

वाफ धरणे

जाळीवर आधी लाकडाचा भुसा किंवा कोरड्या ढलप्या, त्यावर बोटाएवढ्या काटक्या आणि त्यावर फोडलेले लाकूड रचावे. ज्वाळा चांगली धरली की कोळसा थोडाथोडा टाकावा. अग्निशमन केंद्रात बंब उभा असताना त्याच्या बॉयलरमधून गरम पाणी फिरवत ठेवण्याची सोय असे, त्यामुळे वर्दी आल्यावर काही मिनिटांत वाफ मिळत असे. त्या वेगाची नक्कल आज करू नये. थंड लोखंडाला एकाएकी आच दिली की नळ्या आणि त्यांच्या बैठका वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात आणि सांधे गळू लागतात. प्रात्यक्षिकासाठी दीड-दोन तास हाताशी ठेवावेत. सुरुवातीला वरचा हवा सोडण्याचा तोटा उघडा ठेवावा, आणि त्यातून हवेऐवजी सलग वाफ येऊ लागली की तो बंद करावा.

दाब चढत असतानाच सक्शनचा, म्हणजे पाणी ओढून घेण्याचा, पाइप जोडून घ्यावा. त्याच्या टोकाची जाळी पाण्यात पुरती बुडलेली, पण तळाच्या गाळापासून वर असावी. पंप पाणी ओढतो म्हणजे प्रत्यक्षात हवेचा दाब ते वर ढकलतो, आणि त्याची तात्त्विक मर्यादा १० मीटरच्या किंचित वर आहे. व्यवहारात सात मीटरच्या पुढे जाऊ नये. सांध्यातून बारीकशी हवा शिरली तरी पंप पाणी धरत नाही. पंप नुसताच खडखडत राहिला तर दोष पंपाचा नसून बहुतेक वेळा सक्शनच्या सांध्यातल्या वॉशरचा असतो.

आता सिलिंडर तापवायचे. सिलिंडरच्या तळाचे निचऱ्याचे तोटे उघडे ठेवून वाफेची मुख्य झडप अगदी थोडी उघडावी. पहिल्यांदा तोट्यांतून गढूळ पाणी ठिबकते, मग पाण्याच्या चुळा उडतात, आणि शेवटी कोरड्या वाफेचा पांढरा झोत येतो. हा झोत दिसेपर्यंत पंप जोरात चालवू नये. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे दट्ट्या आणि सिलिंडरचे झाकण यांमध्ये ते अडकले तर झाकण फुटते. फिरते चाक असलेल्या बंबात दट्ट्या नेमका टोकाला थांबलेला असेल तर चाक हाताने थोडे पुढे फिरवून घ्यावे लागते, आणि हे वाफ बंद असतानाच करावे.

पंप सुरू करताना डिलिव्हरीची, म्हणजे पाणी बाहेर सोडणारी, झडप लगेच पूर्ण उघडू नये. पाणी परत सक्शनकडे फिरवणारी झडप उघडी ठेवून आधी पंपाला पाणी धरू द्यावे आणि मग होजमध्ये, म्हणजे आगीकडे पाणी नेणाऱ्या लवचीक नळीत, सावकाश सोडावे. नोझल धरणाऱ्याला आधी हाक द्यावी. होज ताठ होताना जो झटका बसतो त्याने बेसावध माणूस आडवा होतो. पंप चालू लागला की वापरलेली वाफ धुराड्यातून बाहेर पडताना भट्टीतला वारा ओढते आणि विस्तव आपोआप फुलतो. त्यामुळे चालत्या बंबाला कोळसा थोडा आणि वारंवार घालावा, एकदम ढीग टाकू नये. धार उंच न्यायची असेल तर दर १० मीटर उंचीमागे सुमारे १ किलो प्रति चौरस सेंटीमीटर दाब खर्ची पडतो, हा हिशेब मनात असावा.

रासायनिक टाकी

टाकी तांब्याची, आडवी आणि नळकांड्यासारखी असते. तिच्यात पाण्यात विरघळवलेला खाण्याचा सोडा असतो आणि वरच्या बाजूला एका वेगळ्या भांड्यात सल्फ्युरिक आम्ल. बाहेरचा दांडा फिरवला की आम्ल सोड्याच्या पाण्यात पडते, आतली पाती ते ढवळतात आणि कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो. एक किलो सोडा पूर्ण खर्ची पडायला सुमारे ५८० ग्रॅम शुद्ध आम्ल लागते, आणि त्यातून सुटणारा वायू मोकळ्या हवेत जवळजवळ २८५ लिटर जागा व्यापतो. तोच वायू बंद टाकीत कोंडला गेला की पाण्याला बाहेर फेकतो. आम्ल नेहमी हिशेबापेक्षा कमी ठेवत, म्हणजे बाहेर पडणाऱ्या पाण्यात ते उरत नसे. हातात धरण्याच्या साडेनऊ लिटरच्या अग्निशामकात साधारण ६८० ग्रॅम सोडा आणि ११८ मिलिलिटर आम्ल असे, आणि त्यात सोडा चांगलाच जास्तीचा होता.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. ही टाकी आग रसायनाने विझवते असे त्या काळी जाहिराती सांगत आणि आजही लोक मानतात. माझ्या मते या साधनाची खरी थोरवी त्यामुळे झाकली गेली. आग विझते ती मुख्यतः पाण्याने थंड होऊन; वायू हा पाणी फेकणारा हात आहे. नळी जेमतेम पाऊण ते एक इंचाची असल्याने एकच माणूस ती घेऊन जिना चढून आगीच्या खोलीत शिरू शकत असे आणि थोडक्या पाण्यात आग मुळाशी मारू शकत असे. मोठ्या पंपाच्या पाण्याने होणारी घराची नासाडी यामुळे टळे. दोन टाक्यांच्या गाड्यावर एक चालू असताना दुसरी पुन्हा भरता येई, म्हणजे धार तुटत नसे.

पण ही जुनी टाकी आज आम्लाने भरू नये, हे मी आग्रहाने सांगतो. नोझल तुंबले किंवा वर्षानुवर्षांच्या आम्लाने पत्रा आतून खाल्लेला असला, तर तयार झालेला दाब थांबवायला मार्ग उरत नाही. वाफेची झडप बंद करता येते, सुरू झालेली रासायनिक क्रिया मागे घेता येत नाही. अशा कारणांनीच अमेरिकेत उलटे करून चालवायच्या अग्निशामकांचे उत्पादन १९६९ साली थांबले. प्रात्यक्षिकासाठी जुनी टाकी जागेवर तशीच राहू द्यावी, आणि धार दाखवायची असेल तर तिच्या आड चाचणी केलेले नवे सिलिंडर बसवून, दाबनियंत्रक लावून, साधे पाणी हवेच्या दाबाने सोडावे. प्रेक्षकांना आतली क्रिया समजावून सांगायची असेल तर काचेच्या उघड्या भांड्यात सोडा आणि व्हिनेगर पुरेसे आहे.

वाफेच्या पंपातून फेस

तेलाच्या आगीवर पाण्याचा उपयोग होत नाही, कारण तेल पाण्यावर तरंगून पुढे पसरते. बाकू या तेलनगरीत अलेक्सांद्र लोरान यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी यावर फेसाचा उपाय शोधला: सोडा आणि अ‍ॅल्युमिनियम सल्फेट यांची द्रावणे एकत्र येताना सुटणारा वायू बुडबुड्यांत अडकवायचा आणि त्या फेसाची चादर तेलावर अंथरायची. आज फेसाचे तयार द्रव ३ किंवा ६ टक्के प्रमाणात पाण्यात मिसळतात, आणि वाफेच्या पंपाने ते मारून पाहण्याची इच्छा अनेकांना होते. ते जमते, मात्र रसायन कोठे मिसळायचे यावर सारे अवलंबून आहे.

अनेक बंबांत बॉयलरला लागणारे पाणी मुख्य पंपाच्या डिलिव्हरीतूनच घेतलेले असते. सक्शनच्या हौदात फेसाचे द्रव किंवा सोडा टाकला, तर तो होजबरोबर बॉयलरमध्येही जातो. मग बॉयलरमधले पाणी उकळत्या दुधासारखे वर येते, काचनळीतली पातळी खोटी दिसू लागते आणि वाफेबरोबर पाणी सिलिंडरमध्ये शिरते; म्हणजे वर सांगितलेला झाकण फुटण्याचा धोका चालत्या बंबात उभा राहतो. म्हणून रसायन पंपाच्या अलीकडे कधीही मिसळू नये. डिलिव्हरीच्या होजमध्ये, बॉयलरचा फाटा निघाल्यानंतर, द्रव ओढून घेणारा इंडक्टर जोडावा. आणि शक्य असेल तर बॉयलरसाठी स्वच्छ पाण्याची वेगळी टाकी आणि वेगळा इंजेक्टर, म्हणजे वाफेच्या जोराने बॉयलरमध्ये पाणी ढकलणारे साधन, ठेवावा.

इंडक्टरमध्ये आलेल्या दाबाचा जवळजवळ तिसरा हिस्सा खर्च होतो, म्हणून पुढे लांब होज जोडू नये आणि नोझल इंडक्टरच्या क्षमतेशी जुळणारे घ्यावे. दट्ट्याच्या पंपाचे पाणी धक्क्याधक्क्याने येते. पंपावरच्या वायुपात्रातली, म्हणजे हे धक्के झेलणाऱ्या बंद भांड्यातली, हवा पाण्यात विरून संपलेली असेल तर हे धक्के थेट इंडक्टरपर्यंत पोहोचतात आणि फेस कधी दाट तर कधी पातळ येतो. तेव्हा पंप थांबवून वायुपात्रातले पाणी काढावे, म्हणजे ते पुन्हा हवेने भरते. फ्लोरिन नसलेले, सरावासाठी बनवलेले द्रव वापरावे आणि फेस नाल्यात किंवा विहिरीच्या आसपास जाऊ देऊ नये.

काम संपल्यावर

आधी इंडक्टर काढून होज, नोझल आणि त्यांच्या वाटेतली पितळी जोडणी स्वच्छ पाण्याने पाच-दहा मिनिटे धुवावी, कारण वाळलेले द्रव झडपा चिकटवते. विस्तव ओढून बाहेर न काढता जागेवर विझू द्यावा, म्हणजे बॉयलर हळूहळू निवतो. पाणी मात्र काचनळीच्या वरच्या भागापर्यंत भरून ठेवावे, कारण निवताना पातळी उतरते. पंप आणि सिलिंडर यांचे निचऱ्याचे सर्व तोटे उघडे ठेवावेत, आणि थंडीच्या प्रदेशात यात हयगय करू नये, कारण आत राहिलेले पाणी गोठले तर ओतीव लोखंड तडकते. बंब लवकर पुन्हा पेटवायचा नसेल तर दुसऱ्या दिवशी बॉयलर कोमट असतानाच रिकामा करावा, हात घालण्याची झाकणे काढून आतला गाळ धुवावा आणि झाकणे बंद करण्यापूर्वी आतला भाग पूर्ण वाळू द्यावा. किती दाब चढवला, किती वेळ पंप चालला, कोठला सांधा गळत होता आणि कोणते द्रव वापरले, याची नोंद त्याच दिवशी वहीत करावी. पुढच्या तपासणीला निरीक्षक तीच वही मागतो.