स्वस्त तिकिटांची उपकंपनी विमानकंपनीला खरंच परवडते का, हे कसं तपासावं

उपकंपनीने नफा दाखवला, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. ती असताना समूहाचा एकूण नफा किती आणि नसती तर किती झाला असता, हा फरक काढायचा असतो.

सुरुवात प्रति आसन-किलोमीटर खर्चापासून (एक आसन एक किलोमीटर नेण्याचा खर्च) करा, पण दोन्ही कंपन्यांचे आकडे थेट शेजारी ठेवू नका. उड्डाण लांब असेल तर विमानतळ शुल्क आणि उड्डाण-अवतरणाचं इंधन जास्त किलोमीटरवर विभागलं जातं. म्हणून सरासरी अंतरांच्या गुणोत्तराचं वर्गमूळ काढून खर्चाला गुणतात. समजा, मूळ कंपनीचं सरासरी अंतर 900 किमी आणि खर्च 8.4, उपकंपनीचं 1,600 किमी आणि खर्च 6. वर्गमूळ येतं 1.33, म्हणजे 900 किमीवर उपकंपनीचा खर्च 8. फरक 2.4 चा दिसत होता, उरला फक्त 0.4.

त्यातूनही आसनांचा परिणाम वजा करा. एअरबस ए320 विमानात 150 ऐवजी 180 आसनं बसवली की आसनं 20 टक्के वाढतात. दर 50 आसनांमागे एक या नियमाने केबिन क्रू तिघांऐवजी चार लागतात. फेरीचा खर्च 4 टक्के वाढला असं धरलं तरी प्रति आसन खर्च सुमारे 13 टक्के घटतो. पण ही बचत मूळ कंपनीही आपल्याच विमानात करू शकते. त्यासाठी नवी कंपनी कशाला?

वेगळेपण मुख्यतः वेतन करारात, विमान दिवसाला किती तास उडतं यात आणि दोन फेऱ्यांमधल्या थांब्यात हवं. अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सच्या ‘टेड’ या स्वस्त शाखेकडे (2004–09) वैमानिक युनायटेडचेच होते, बदलली ती आसनरचना आणि रंगसंगती. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासने ‘जेटस्टार’ 2004 मध्ये उभी केली ती विकत घेतलेल्या इम्पल्स एअरलाइन्स या वेगळ्या कंपनीच्या पायावर, आणि ती टिकली. हे वेगळेपण खरं आहे का, हीच आमच्या मते सर्वांत निर्णायक कसोटी.

मग प्रवाशांची पळवापळवी. इथेच बहुतेक हिशेब फसतात. समजा, उपकंपनीने 60 च्या तिकिटावर 100 प्रवासी नेले: उत्पन्न 6,000, खर्च 5,000, नफा 1,000. पण त्यातले 40 जण एरवी मूळ कंपनीला 100 देणारे होते. समूहाचे 4,000 बुडाले, म्हणजे प्रत्यक्षात 3,000 तोटा. मूळ कंपनीने आपली फेरी रद्द केली किंवा विमान दुसरीकडे लावलं, तरच तो भरून निघेल. मात्र त्या मार्गावर प्रतिस्पर्धी आधीच असेल आणि 40 पैकी 30 जण तसेही त्याच्याकडे जाणार असतील, तर बुडालेले फक्त 1,000 धरा. तोटा शून्यावर येतो. पळवापळवीचं सगळं उत्तर या एका अंदाजावर फिरतं, म्हणून तो मार्गनिहाय करा. सरासरी चालणार नाही.

आपसातले व्यवहारही उघडून पाहा. विमानांचं भाडं, देखभाल, इंधनाचे आगाऊ सौदे, मुख्यालयाचा खर्च हे बाजारभावाने लावलेले नसतील तर उपकंपनीचा नफा कागदावरचाच असतो. उलट, तिने मूळ कंपनीच्या लांब पल्ल्याच्या उड्डाणांना जोडप्रवासी पुरवले असतील तर ते उत्पन्न तिच्या बाजूला मांडा.

शेवटी, विकायची वेळ आली तर काय होईल तेही मांडा. ब्रिटिश एअरवेजने 1998 मध्ये सुरू केलेली ‘गो’ 2001 मध्ये सुमारे 10 कोटी पौंडांना विकली. पुढच्याच वर्षी ईझीजेटने ती 37.4 कोटींना घेतली आणि तिचे मार्ग थेट प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेले.