शॉर्टवेव्ह ऐकण्यासाठी वायर की ॲक्टिव्ह अँटेना? निवडताना या चुका टाळा

शॉर्टवेव्ह रेडिओ घेतल्यावर पहिल्या पंधरवड्यातच श्रोत्याच्या लक्षात येते की सेटच्या दांडीवर मोठी केंद्रे सहज लागतात, पण दूरची आणि कमी शक्तीची केंद्रे खरखरीत बुडून जातात. मग दोन पर्याय समोर येतात. एक तर गच्चीवर दहा-वीस मीटर वायर ताणायची, नाहीतर ॲम्प्लिफायर असलेला छोटा ॲक्टिव्ह अँटेना विकत घ्यायचा. या निवडीत होणाऱ्या बहुतेक चुकांच्या मुळाशी एकच गैरसमज असतो, तो म्हणजे आवाज मोठा झाला की ग्रहण सुधारले. वास्तविक ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात साध्या रेडिओचीही संवेदनशीलता सहसा पुरेशी असते. खरी अडचण भोवतालच्या विद्युत गोंगाटाची असते. केंद्राचा सिग्नल त्या गोंगाटाच्या किती वर राहतो यावरच ऐकणे अवलंबून असते, आणि ही गोष्ट अँटेनाच्या प्रकारापेक्षा त्याच्या जागेवर व केबलच्या मांडणीवर अधिक ठरते.

गोंगाट न तपासताच खरेदी करणे

मी पुण्यात एका इमारतीच्या पाचव्या मजल्यावर राहतो. काही वर्षांपूर्वी मी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या टपापर्यंत सुमारे १८ मीटर वायर ताणली आणि तिचे टोक खिडकीतून थेट खोलीत आणले. संध्याकाळी ३१ मीटर तरंगलांबीच्या पट्ट्यावर सिग्नल-मीटर सतत वर असे, पण कानावर पट्टाभर एकसारखी गुरगुर येई. वायर अपुरी पडते असे वाटून मी ती आणखी लांब करण्याच्या विचारात होतो. एका रात्री नऊच्या सुमारास साऱ्या परिसराची वीज गेली. रेडिओ बॅटरीवर चालू होता. गुरगुर एका क्षणात थांबली, मीटर खाली आला, आणि ९५०० ते ९९०० किलोहर्ट्झच्या दरम्यान जिथे काहीच लागत नव्हते तिथे एकामागून एक केंद्रे स्पष्ट ऐकू येऊ लागली. वायर तीच होती आणि रेडिओही तोच होता. पाऊण तासाने वीज आली, तशी गुरगुरही परत आली.

हीच परीक्षा खरेदीपूर्वी प्रत्येकाने मुद्दाम करावी. रेडिओ बॅटरीवर चालवून घरचा मेन स्विच पाच मिनिटे बंद ठेवावा. खरखर एकदम कमी झाली तर दोष घरातच आहे, आणि एकेक सर्किट चालू करत गेल्यास तो नेमका सापडतो. मोबाइल चार्जर, एलईडी दिवे, इन्व्हर्टर, वाय-फाय राउटरचा ॲडॅप्टर, सीसीटीव्हीचा पुरवठा आणि पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर हे नेहमीचे संशयित आहेत. चार्जरचा गोंगाट ओळखण्याची एक खूणही आहे. असे अनेक चार्जर ६५ किलोहर्ट्झच्या आसपास स्विचिंग करतात, त्यामुळे रेडिओ सावकाश फिरवत गेले की साधारण तेवढ्याच अंतरावर पुन्हा पुन्हा तीच घरघर भेटते. मेन स्विच बंद करूनही खरखर तशीच राहिली तर ती शेजाऱ्यांकडून, जिन्यातून किंवा रस्त्यावरून येत आहे असे समजावे. माझ्या बाबतीत मुख्य दोष जिन्यातल्या कॅमेऱ्याच्या ॲडॅप्टरचा निघाला.

दुसरी परीक्षा याहून सोपी आहे. रिकाम्या कंप्रतेवर अँटेना काढावा आणि पुन्हा लावावा. अँटेना लावताच पार्श्वभूमीची खरखर स्पष्टपणे वाढत असेल, तर तुमचा रेडिओ भोवतालच्या गोंगाटापर्यंत पोहोचलेला आहे, आणि त्यापुढे ॲम्प्लिफायरने कितीही वाढ केली तरी सिग्नल व गोंगाट दोन्ही सारख्याच प्रमाणात वाढतील. अशा ठिकाणी जास्त ‘गेन’ छापलेला अँटेना घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे.

कुठे काय शोभते

खेड्यात, वाडीवर किंवा शेतातल्या घरी, जिथे जवळच्या दिव्यांची व यंत्रांची संख्या कमी आहे, तिथे साधी वायर हाच उत्तम अँटेना आहे, आणि तिथे ॲक्टिव्ह अँटेना घेण्याचे मला काहीच कारण दिसत नाही. दाट वस्तीतल्या सदनिकेत, विशेषतः गच्ची हाताशी नसेल तर, गॅलरीबाहेर बसवलेला ६० सेंटिमीटर ते १ मीटर व्यासाचा ॲक्टिव्ह लूप, म्हणजे कडीच्या आकाराचा अँटेना, बहुधा सरस ठरतो. तो गोंगाट कमी घेतो याला कारणे आहेत. घरगुती उपकरणांच्या अगदी जवळच्या क्षेत्रात विद्युत क्षेत्राचा वाटा बरेचदा मोठा असतो, तर लूप मुख्यतः चुंबकीय क्षेत्राला प्रतिसाद देतो. शिवाय लूप फिरवता येतो. लूपच्या पातळीला काटकोनात असलेल्या दिशेकडून त्याला सर्वांत कमी ऐकू येते, म्हणून गोंगाटाचे उगमस्थान त्या दिशेला येईल अशा बेताने तो वळवावा. आकाशातून परावर्तित होऊन वरच्या कोनातून येणाऱ्या केंद्रांवर याचा फारसा परिणाम होत नाही, पण जवळच्या गोंगाटावर होतो. लूप एकदा ठोकून टाकून पुन्हा कधीच न फिरवणे ही म्हणूनच मोठी चूक आहे.

लूप खिडकीच्या लोखंडी ग्रिलला टेकवून बांधणे ही दुसरी चूक. स्लॅब, कॉलम आणि ग्रिल यांतले लोखंड सिग्नल अडवते आणि इमारतीतला गोंगाट लूपपर्यंत पोहोचवते. पीव्हीसी पाइपाचा एक मीटर लांबीचा हात काढून लूप बाहेर धरला तरी फरक कानाला जाणवतो.

ॲक्टिव्ह अँटेनाचा दुसरा प्रकार म्हणजे मिनी-व्हिप. त्यात ग्रहण करणारा भाग काडेपेटीएवढ्या तांब्याच्या पट्टीचा असतो. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर, ज्यावर जगभरातले श्रोते इंटरनेटवरून शॉर्टवेव्ह ऐकतात, तो याच प्रकारच्या अँटेनावर चालतो. ही माहिती वाचून अनेकजण मिनी-व्हिप मागवतात, गॅलरीच्या कठड्याला बांधतात आणि निराश होतात. विद्यापीठाचा अँटेना इमारतीच्या छतावर, मोकळ्यात आहे. मिनी-व्हिप ती पट्टी आणि केबलचे बाहेरचे वेष्टन यांच्यातला विद्युतदाब मोजतो. म्हणजेच केबलचे वेष्टन हा अँटेनाचाच अर्धा भाग असतो. ते वेष्टन घरातल्या वायरिंगचा गोंगाट वाहत असेल तर तोच गोंगाट ॲम्प्लिफाय होऊन परत येतो. उंच खांब, खांबाच्या पायथ्याशी वेष्टनाला स्वतंत्र अर्थिंग आणि तिथून पुढे चोक (फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या रिंगमधून काढलेले केबलचे वेढे), एवढे शक्य नसेल तर मिनी-व्हिप घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

वायर थेट खोलीत आणणे

वायर निवडणाऱ्यांची ही सर्वांत सामान्य चूक आहे आणि मीही ती केली होती. वायर ज्या क्षणी खिडकीतून आत येते, त्या क्षणापासून तिचा आतला भाग घरातला गोंगाट गोळा करू लागतो. वायर इमारतीपासून जितकी दूर नेता येईल तितकी न्यावी आणि तिथून आत फक्त कोॲक्सियल केबल आणावी. केबलवाल्याकडे मिळणारी ७५ ओहमची आरजी-६ यासाठी पूर्णपणे चालते. केवळ ऐकण्यासाठी ५० आणि ७५ ओहममधला फरक नगण्य असतो.

वायर आणि केबल यांच्या सांध्यावर नऊ-एकचा ट्रान्सफॉर्मर बसवावा. हे प्रमाण इम्पीडन्सचे (ओहममधल्या अडथळ्याचे) आहे, वेढ्यांचे प्रमाण तीनास एक असते. त्यात प्राथमिक व दुय्यम वेढे वेगळे ठेवावेत, उदाहरणार्थ फेराइट रिंगवर वायरच्या बाजूला ९ आणि केबलच्या बाजूला ३. बाजारातल्या अनेक तयार डब्यांत दोन्ही बाजूंची अर्थ एकच असते, त्यामुळे केबलचे वेष्टन पुन्हा अँटेना बनते आणि सगळी मेहनत वाया जाते. रेडिओजवळ एका मोठ्या फेराइट रिंगमधून केबलचे दहा-बारा वेढे काढले तर वेष्टनावरून चढणारा गोंगाट बराचसा अडतो. रिंगचे मिश्रण महत्त्वाचे आहे. शॉर्टवेव्हसाठी ३१ किंवा ४३ क्रमांकाचे मिश्रण घ्यावे. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर रिंग घेताना मिश्रण विचारून घ्यावे, कारण नुसत्या रंगावरून आणि आकारावरून ते ओळखता येत नाही. माझ्या त्याच १८ मीटर वायरला हा ट्रान्सफॉर्मर व चोक लावल्यावर गुरगुर पूर्ण गेली नाही, पण पूर्वी न लागणारी निम्मी केंद्रे तरी लागू लागली.

दोन आधार उपलब्ध असतील तर मी नुसत्या वायरीऐवजी डायपोल, म्हणजे मध्यभागी केबल जोडलेल्या दोन सारख्या वायरी, सुचवीन. मेगाहर्ट्झमधल्या कंप्रतेने १४३ ला भागले की एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. ९.६ मेगाहर्ट्झसाठी ती सुमारे १५ मीटर, म्हणजे प्रत्येक बाजूला साडेसात मीटर येते. डायपोलला अर्थिंगची गरज नसते आणि मध्यभागी चोक लावला की तो फार शांत राहतो. वायर कोणतीही असो, विजेच्या तारांच्या वरून, खालून किंवा तुटल्यास त्यांच्यावर पडेल इतक्या जवळून ती कधीही नेऊ नये.

थ्री-पिनची अर्थ जोडणे

अर्थिंग हवे असे वाचून भिंतीतल्या थ्री-पिन सॉकेटची अर्थ रेडिओला जोडली जाते. त्या तारेवर इमारतीतल्या प्रत्येक उपकरणाचा गोंगाट असतो, म्हणून खरखर वाढते. वरच्या मजल्यावरून खाली जमिनीपर्यंत लांब तार सोडणेही उपयोगाचे नाही. ३१ मीटर पट्ट्यावर पाव तरंगलांबी पावणेआठ मीटर भरते, आणि साधारण तेवढ्या लांबीची अर्थ-तार वरच्या टोकाला जवळजवळ तुटलेल्या तारेसारखी वागते. वरच्या मजल्यावर अर्थच्या जागी सात-आठ मीटरची वेगळी वायर गच्चीवर पसरून ठेवणे अधिक चांगले.

छोट्या रेडिओवर मोठा अँटेना लादणे

हातात मावणारे सेट त्यांच्या दांडीच्या हिशेबाने बनवलेले असतात. त्यांना लांब वायर किंवा जोरदार ॲम्प्लिफायर जोडला की सेट भरडतो, म्हणजे अतिजोरदार सिग्नलने गोंधळतो, आणि नसलेली केंद्रे दिसू लागतात. मुंबईत ३१३२ किलोहर्ट्झवर आकाशवाणीचे निवेदन ऐकू आले तर तो शोध समजू नये. ती आकाशवाणीच्या १०४४ किलोहर्ट्झ या मध्यमलहरी कंप्रतेची तिप्पट आहे. पुण्यात ७९२ ची चौपट ३१६८ किलोहर्ट्झवर भेटू शकते. एकाच मध्यम कंप्रतेवर (रेडिओच्या आत सिग्नल जिच्यावर आणला जातो ती), म्हणजे ४५५ किलोहर्ट्झवर, चालणाऱ्या जुन्या सेटांत जोरदार केंद्राची प्रतिमा ९१० किलोहर्ट्झ अंतरावर उमटते. अशा वेळी रेडिओचा ‘लोकल’ स्विच, जो येणारा सिग्नल कमी करतो, टाकून पाहावा. भुताटकीची केंद्रे नाहीशी झाली आणि खरी स्पष्ट झाली, तर वायर छोटी करावी किंवा मध्यमलहरी अडवणारा फिल्टर लावावा. मात्र ॲक्टिव्ह अँटेनाचा ॲम्प्लिफायर स्वतःच भरडत असेल तर रेडिओवरच्या स्विचने काहीही सुधारत नाही. दोष कुठे आहे हे त्यावरूनच कळते.

ॲक्टिव्ह अँटेनाला कोणताही ॲडॅप्टर लावणे

मी पुढे गॅलरीसाठी जो लूप घेतला, त्याच्यासोबत आलेला ॲडॅप्टरच गोंगाटाचा उगम निघाला. पुरवठा केबलमधूनच वर जात असल्याने त्याची घरघर थेट ॲम्प्लिफायरच्या दारात पोहोचत होती. १२ व्होल्टच्या अँटेनाला यूपीएसमधली ७ अँपिअर-अवरची बॅटरी लावून पाहावी. ५ व्होल्टवर चालणाऱ्या लूपला पॉवर बँक लावतात, पण तिच्यातही व्होल्टेज वाढवणारे स्विचिंग सर्किट असते, त्यामुळे तीही तपासून घ्यावी.

मीटर पाहून तुलना करणे

दोन अँटेनांची तुलना सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा लावून होत नाही. शॉर्टवेव्हचा सिग्नल मिनिटागणिक चढतो-उतरतो, म्हणून दोन्ही अँटेना एका स्विचवर घेऊन दोन-तीन सेकंदांत अदलाबदल करावी आणि मीटर झाकून फक्त निवेदकाचे शब्द किती कळतात ते ऐकावे. मोजमापासाठी ५, १० आणि १५ मेगाहर्ट्झवर चालणारे चीनचे बीपीएम वेळदर्शक केंद्र सोयीचे आहे. भर दुपारी ४९ मीटर पट्टा रिकामा असणे हा अँटेनाचा दोष नाही. दुपारी १९ आणि १६ मीटर, तर रात्री ४९, ४१ आणि ३१ मीटर पट्टे ऐकावेत. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बहुतेक आंतरराष्ट्रीय केंद्रांच्या कंप्रता बदलतात, हेही अँटेना उतरवण्यापूर्वी आठवावे.

पावसाळ्याआधीची कामे टाळणे

वळीव सुरू होण्याआधीच वायरपासून अर्थपर्यंत १०० किलोओहमचा रेझिस्टर जोडावा, म्हणजे तिच्यावर साठणारा स्थिर भार वाहून जातो. जवळ वीज कोसळली नाही तरी हा भार रेडिओच्या पुढच्या ट्रान्झिस्टरचा बळी घेऊ शकतो. थेट कोसळणाऱ्या विजेपासून मात्र यापैकी कशानेच संरक्षण मिळत नाही. आभाळ भरून येण्यापूर्वी, गडगडाट सुरू होण्याची वाट न पाहता, केबल रेडिओपासून काढून ठेवावी. ढग डोक्यावर असताना तिला हात लावू नये.

ॲक्टिव्ह लूप पहिल्या पावसानंतर हळूहळू बहिरा होऊ लागला तर रेडिओवर संशय घेण्याआधी मल्टिमीटर काढावा. खाली पुरवठ्याच्या डब्यात १२ व्होल्ट आणि वर अँटेनाच्या टोकाला ७-८ व्होल्टच मिळत असतील, तर केबलच्या सांध्यात पाणी शिरले आहे. कनेक्टर उघडल्यावर आतल्या तांब्यावर हिरवट थर दिसतो. कोकणच्या खाऱ्या हवेत तो आणखी लवकर धरतो. तेवढा भाग पुसून भागत नाही, कारण पाणी जाळीतून केबलच्या आत पुढे सरकलेले असते. चकचकीत तांबे दिसेपर्यंत केबल कापावी, नवा कनेक्टर बसवून त्यावर ताणून चिकटणारी रबरी टेप गुंडाळावी, आणि केबल घरात शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी त्या झोळावरून ठिबकून जाते.