तापात माणूस वेगळंच वागायला लागला तर

तापाच्या तिसऱ्या दिवशी माझा धाकटा भाऊ टूथब्रशने केस विंचरत होता. "हे काय करतोयस?" तर म्हणाला, "दिसत नाही का?" आम्ही हसलो. तापाची ग्लानी असेल म्हणून सहा तास घालवले, ते आजही बोचतात. निघाली मेंदूची सूज, म्हणजे एन्सेफलायटिस.

ताप किंवा डोकेदुखीसोबत वागण्या-बोलण्यात फरक पडला, शब्द सापडेनात, भास व्हायला लागले, फिट आली, तर सकाळची वाट बघू नका. थेट मोठ्या रुग्णालयाची इमर्जन्सी गाठा. मान आखडलीय का, हे तपासत बसू नका. ते लक्षण मेंदूच्या आवरणाला सूज आली की ठळक दिसतं. खुद्द मेंदूच्या सुजेत नसूही शकतं.

तिथे नुसतं 'ताप आहे' म्हणू नका. कधीपासून काय बदललं, ते लिहून न्या. मी मोबाइलवर ४० सेकंदांचा व्हिडिओ काढला होता. न्यूरॉलॉजिस्टनी तो दोनदा बघितला आणि एकच विचारलं, "एरवी असा बोलतो का हा?"

पाठीतून पाणी (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव) काढायचं म्हटल्यावर आई रडायलाच लागली. पण सुई कमरेत, मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली घालतात. त्या पाण्याची पीसीआर, म्हणजे विषाणूचा अंश शोधणारी चाचणी, होते. जोडीला एमआरआय आणि मेंदूच्या विद्युत लहरी नोंदणारा ईईजी.

रिपोर्टसाठी औषध मात्र थांबत नाही. ओठावर फोड आणणारा हर्पिसचा विषाणूच कधी मेंदूत शिरतो, आणि उपचार न झाल्यास १० पैकी सुमारे ७ जण दगावतात. म्हणून नुसत्या संशयावरही असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध शिरेतून सुरू करतात: दर ८ तासांनी, १४ ते २१ दिवस. भावाची पहिली पीसीआर निगेटिव्ह आली. 'मग बंद करा' म्हणणारी मीच! पण सुरुवातीच्या दोन-तीन दिवसांत पीसीआर फसवू शकते. दुसरी पॉझिटिव्ह निघाली. या औषधाचे स्फटिक मूत्रपिंडात साचू शकतात, म्हणून सलाइन देतात. लघवी किती झाली याची वही मी ठेवली.

विषाणू सापडलाच नाही, तर 'ऑटोइम्यून असेल का?', म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटलीय का, हे जरूर विचारा. २००७ मध्ये नाव मिळालेला एनएमडीए रिसेप्टरविरोधी प्रकार (यात मेंदूच्या पेशींवरच्या या ग्राहकांवर हल्ला होतो) सुरुवातीला मानसिक आजारासारखाच दिसतो. तिथे स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं) किंवा रक्तातला प्लाझ्मा बदलणं लागतं. या प्रकारामागे कधी अंडाशयातली गाठ असते, म्हणून तरुण मुलींमध्ये तेही बघतात.

घरी आल्यावर विसरभोळेपणा, थकवा, चिडचिड महिनोन्‌महिने राहू शकते. भावाच्या मोबाइलमध्ये औषधांचे, आंघोळीचेसुद्धा अलार्म लावलेत. गाडीची किल्ली अजून माझ्याकडेच आहे. डॉक्टर हो म्हणेपर्यंत मिळणार नाही, कितीही रुसला तरी.