फ्लास्कमध्ये अडकलेला मॅग्नेट

बी.ई. केमिकल झालो तेव्हा पॉलिमर म्हणजे प्लास्टिक, एवढीच माझी समज. पीएचडीच्या पहिल्याच वर्षी ती मोडली. मिथाइल मेथाक्रायलेट (ज्यापासून अ‍ॅक्रिलिक बनतं तो द्रव), रिअ‍ॅक्शन सुरू करून देणारं चिमूटभर एआयबीएन, ७० अंशांचा ऑइल बाथ. सॉल्व्हंट मुद्दाम घातला नव्हता. बराच वेळ काहीच घडेना, म्हणून चहाला गेलो. परत येऊन बघतो तर बुडबुड्यांसकट थिजलेला काचेसारखा गोळा आणि आत रुतून बसलेला, ढवळण्यासाठी टाकलेला मॅग्नेट. फ्लास्क फोडावा लागला. तो गोळा अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

याला जेल इफेक्ट म्हणतात. पॉलिमर म्हणजे मोनोमरचे सुटे रेणू एकामागे एक जोडून झालेली लांब साखळी. मिश्रण दाट झालं की वाढत्या साखळ्यांची टोकं एकमेकांपर्यंत पोचत नाहीत, त्यामुळे साखळ्या विझत नाहीत, म्हणजे वाढायच्या थांबत नाहीत. मोनोमरचे चिमुकले रेणू मात्र पोचतच राहतात. वेग वाढतो, उष्णता वाढते आणि त्या दाट लगद्यातून ती बाहेर पडत नाही. हे सगळं मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते, बरं का!

केमिकल इंजिनिअरचं काम इथेच सुरू होतं. साखळी कशी वाढली हे केमिस्ट बघतो. उष्णता कुठून काढायची हे आपण बघायचं. भांड्याची सगळी मापं दहापट केली की आतला माल हजारपट होतो, थंड करणारी भिंत मात्र शंभरपटच.

आपल्याकडे पॉलिमरमध्ये पीएचडी करायला जागा आहेत. माटुंग्याची यूडीसीटी, म्हणजे आताची आयसीटी ही केमिकल टेक्नॉलॉजीची संस्था, १९३३ची. तिथेच शिकलेले शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर पुढे पुण्याच्या एनसीएलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, पॉलिमरवरच काम करत होते.

पैशाचं म्हणाल तर २०२३पासून सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेची जेआरएफ, म्हणजे पीएचडीची फेलोशिप, महिना ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनी ४२,०००, घरभाडं वेगळं. भागतं. "अजून शिकतोच आहेस?" हे लग्नकार्यात ऐकून घ्यायचं.

गाईड निवडताना पेपर मोजत बसू नका. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठा आणि थिसिसला किती वर्षं लागली ते विचारा. जीपीसी, म्हणजे साखळ्यांचं मोलेक्युलर वेट मोजणारं यंत्र, लॅबमध्येच आहे का, तेही विचारा. मी विचारलं नव्हतं. एकेका नमुन्याच्या मोलेक्युलर वेटसाठी दुसऱ्या संस्थेच्या रांगेत आठवडेच्या आठवडे थांबलोय.

आणि रिअ‍ॅक्शन लावून चहाला निघालात, तर शेजारच्याला सांगून जा.